नमुन्याची पट्टी

प्लेट मळकट दिसते, असं साहेबांना वाटलं. एवढ्यावरून सगळा घोळ झाला.

बावीस वर्षं मी अॅनोडायझिंगची टाकी सांभाळते. अॅल्युमिनियम आम्लात बुडवायचं, वीज सोडायची, वर ऑक्साइडचा थर चढला की उकळत्या शुद्ध पाण्यात त्याची छिद्रं बंद करायची. ही प्लेट उपग्रहाच्या बाहेरच्या अंगाला बसते आणि आतल्या यंत्रांची उष्णता बाहेर सोडते. ते काम तो निस्तेज, राखाडी थर करतो. चकचकीत अॅल्युमिनियम उष्णता धरून बसतं.

पण पाहुणे येणार होते, फोटो निघणार होते. मी एक दिवस रजेवर काय गेले, साहेबांनी प्लेट चकाकी आणणाऱ्या बफिंगच्या चाकावर धरायला लावली, तीही माझ्याच दिराला. तो इथलाच पॉलिशवाला.

"वहिनी, साहेब समोर उभे होते. मी काय बोलणार?" जेवणाच्या सुटीत तो मान खाली घालून म्हणाला.

"थर जाईल एवढं तरी बोलायचं, भाऊजी."

तपासणीत प्लेटवरचा थर पंचवीसऐवजी आठच मायक्रॉन जाड निघाला. साहेबांनी सगळ्यांदेखत माझ्यावर खापर फोडलं. "बाईंचा हात आता पूर्वीसारखा राहिला नाही," म्हणाले. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

प्रत्येक प्लेटबरोबर त्याच तारेला बोटभर पट्टी टांगून टाकीत सोडायची, म्हणजे दोन्हींवर सारखाच थर चढतो, हा आमचा नियम. ती नमुन्याची पट्टी मी कपाटातून काढली आणि साहेबांच्या टेबलावर मोजून दाखवली. पंचवीस.

त्यांचा चेहरा पडला. मग लगेच खुलला.

"बरंच झालं की. फॉर्मवर पट्टीचाच आकडा गेला तरी चालतो. पंचवीस लिहा, सही करा. तुमच्यावरचा ठपका गेला, प्लेटही पास."

"आणि आतली यंत्रं तापून बंद पडली तर?"

"वर जाऊन कोण बघणार आहे?"

दोष दिला तेव्हाही मला इतका राग आला नव्हता. तेव्हा माझ्या हाताला नावं ठेवली होती. आता माझ्याच पट्टीकडून खोटं वदवून घ्यायला निघाले होते.

मी पट्टी उचलली आणि तडक बफिंगच्या चाकापाशी गेले. साहेब मागोमाग आले.

"चालू करा, भाऊजी."

"वहिनी, तुमच्याकडे तेवढा एकच पुरावा आहे."

"माहितीये. चालू करा."

मी पट्टी दोन्ही बाजूंनी घासली. मोजली तर सात. रागाच्या भरात जरा जास्तच घासली गेली होती. मी फॉर्मवर सात लिहिलं, खाली सही केली आणि कागद साहेबांच्या हातात दिला.

"आता खुशाल माझा हात वाईट म्हणा," मी म्हटलं. "पण ही प्लेट वर जाणार नाही."