डांबर कशात विरघळतं

रामजीचे दोन्ही हात मनगटापर्यंत काळे होते आणि पोलीस समोरच्या चाळीत शिरले होते.

छप्पन सालचा जानेवारी. मुंबई तुमची नाही, असं दिल्लीनं सांगून टाकलं होतं आणि ज्यांच्या घामावर मुंबई उभी, त्याच लालबाग-परळात गोळ्या चालवल्या होत्या. संचारबंदी होती. ती मोडून पहाटे रामजीनं मिलच्या भिंतीवर ‘संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे’ असं पुरुषभर उंचीचं लिहिलं होतं. रस्त्याच्या कामाच्या पिपातलं डांबर तापवून, फडक्याच्या बोळ्यानं. भिंतीवर वाळलं तसं ते हातांवरही वाळलं. आता पोलीस खोलीखोलीत शिरून गडीमाणसांचे हात बघत होते. काळा हात दिसला की माणूस खाली गाडीत. काल नेलेल्यांतलं अजून कुणी परत आलं नव्हतं.

"घासलेट दे म्हनलं ना," रामजी मोरीतून म्हणाला.

"कुठनं देऊ?" त्याची बायको कौसल्या म्हणाली. "तुमीच वतलंत की काल."

ते खरं होतं. घासलेट सापडेल त्याला जाळपोळीत धरतात, अशी बातमी आली आणि अख्ख्या चाळीनं डबे, बाटल्या, चिमण्यासुद्धा गटारात ओतल्या. शहाणपणा म्हणून ओतल्या. भीती माणसाला असाच शहाणपणा शिकवते.

"आन् असतं तरी?" ती म्हणाली. "हाताला वास आला की बस जाळली म्हनतील. भिंतीपायी चार महिने, बशीपायी जन्मठेप."

"मग काय हात तोडू?"

"हळू बोला."

शेगडीवरचं कढत पाणी तिनं त्याच्या हातांवर घातलं. तो कळवळला, डांबर हललं नाही. कपड्याचा साबण लावला, राख लावली, काथ्यानं खसाखसा घासलं. कातडं लाल झालं, रक्ताचे थेंब आले, काळं तसंच. मीठ कढत पाण्यात लगेच विरघळतं. गूळ ढवळला की विरघळतो. खडा फोडून बारीक केला की आणखी लवकर. जन्मभर तिनं हेच बघितलं होतं : ऊन कर, ढवळ, बारीक कर. तिन्ही करून झालं होतं. समोरच्या चाळीत भांडं पडल्याचा आवाज आला आणि मग एक बाई रडायला लागली.

कौसल्याला मोरीजवळ कालच्या आमटीचं पातेलं दिसलं. वर लाल तर्री गोठली होती. तिखटाचा सगळा रंग त्या तेलात, खालचं पाणी फिकं. ती बघतच राहिली. तिखट पाण्यात कितीही उकळा, रंग तेलालाच जाऊन मिळतो. पाण्याचं त्याच्याशी जमत नाही. मग डांबराचं तरी कसं जमेल? तेही तेलाच्याच जातीचं, चिकट.

"खोबरेल," ती म्हणाली.

बाटलीत तेल थंडीनं थिजून पांढरं झालं होतं. तळाशी चार बोटंच. गडबडीनं तिनं बाटली कढत पाण्यात उभी केली. तेल कडेनं सुटू लागलं, पण मधला गोळा सुटेना. बूट आता त्यांच्याच जिन्यात वाजत होते.

पातळ झालं तेवढं तिनं त्याच्या उजव्या हातावर ओतलं आणि चोळलं. काळं हललं. तेल तांबूस झालं, मग काळं, आणि डांबर खरंच सुटायला लागलं. पण थोड्याच वेळात ते तेल भरलं. आणखी डांबर घेईना. फडक्यानं पुसून नवं घातलं की पुन्हा घेई. उजवा हात निघाला तेव्हा बाटलीत चमचाभर उरलं होतं, आणि डावा हात अख्खा बाकी.

"ऱ्हाऊ दे," रामजी म्हणाला. "मी गच्चीवर जातो."

"गच्चीवरनं काल एकाला पाडला त्यांनी. बसा गप."

उरलेलं तेल तिनं स्वतःच्या तळव्यांवर घेतलं आणि त्याचा डावा हात दोन्ही हातांत धरून पिळवटल्यासारखा चोळला. तेल भरलं तरी चोळत राहिली. तिच्या खरखरीत कातड्यानं ते काळं ओढून घेतलं, त्याचा हात निघाला. विरघळलं म्हणजे संपलं नव्हतं. एका हातावरनं दुसऱ्या हातावर आलं होतं, एवढंच.

दार वाजलं. काळं फडकं तिनं चोळीत कोंबलं, परात ओढली आणि बाजरीच्या पिठात मनगटापर्यंत हात खुपसले. रामजीनं कडी काढली.

हवालदार मराठीच होता. भाकरी यांच्यासारखीच, शिव्याही त्याच. "हात कर पुढं." त्यानं तळवे उलटसुलट केले, वास घेतला. "एवढं तेल कशाला रं?"

"थंडीनं फुटल्यात, सायब."

कौसल्याकडे त्यानं बघितलंही नाही. बाईमाणूस भिंती लिहीत नाही, हे त्याला ठाऊक होतं. तो पुढच्या खोलीकडे वळला.

पुढच्या खोलीत रामदास राहायचा. मिलमध्ये फिटर. कधी मोर्चात न गेलेला, घोषणा ऐकली की खिडकी लावून घेणारा. पण नखांत, रेघांत, बोटांच्या पेरांत वर्षांचं ग्रीस बसलेलं.

"मशीनचं हाय वो ते," त्याची बायको कांता ओरडली. "मिलमदी इचारा की."

"काळं ते काळं," हवालदार म्हणाला. मग एक फटका, आणि काहीतरी जिन्यावर आपटलं.

रामजी ताठ झाला. "त्यानं न्हाय..." तो म्हणाला आणि दाराकडे निघाला. कौसल्यानं उठून पिठाचा, डांबराचा हात त्याच्या तोंडावर दाबला. तो धडपडला. तिनं सगळा जीव त्या हातात एकवटला. बूट खाली उतरले, गाडीचं दार लागलं, तेव्हा कुठे तिनं हात काढला. त्याच्या तोंडावर पाच काळी बोटं उमटली होती. तो मोरीत जाऊन भिंतीकडे तोंड करून बसला.

दार पुन्हा वाजलं, या वेळी हळू.

"कौसल्यावैनी," कांता बाहेरून म्हणत होती, "वैनी, नेलं वो त्यास्नी. दार उघडा ना."

कौसल्या कडीपाशी उभी राहिली. कडीला लावायला तिच्याकडे एकही स्वच्छ हात नव्हता.