बाहेर क्लिक केलं की मिटणारी

मी कॉम्प्युटरच्या पडद्यावरची एक छोटीशी चौकट बोलतेय. जिने घरी बसून प्रोग्राम लिहून मला घडवलं, तेव्हा एकाच काळजीने तिच्या डोळ्याला डोळा लागत नसे: ‘दिवसभर मी पोरीला “जा गं तिकडे, आईचं काम चाललंय” म्हणते. मोठेपणी हिला तेवढंच आठवलं तर?’ पोर चार वर्षांची, आणि मी जेमतेम चार दिवसांची.

माझा जन्म दातांच्या दवाखान्यातल्या कॉम्प्युटरसाठी झाला. पेशंटच्या नावावर क्लिक केलं की मी उघडायची, पुढची तारीख आणि दोन ओळी लिहून घ्यायची. माझ्या बाहेर कुठेही क्लिक केलं की मिटायची. माणसं घाईत असतात, बंद करायचं बटण कुठे शोधत बसणार? निरोपबिरोप कुणी घेत नाही. मला त्याचं कधी वाईट वाटलं नाही.

पण पहिल्याच आठवड्यात दवाखान्याच्या काउंटरवरच्या मावशींचा फोन आला.

“अगं, तुझी ती चौकट भलतीच मानी! तारीख निवडायला जावं, तर रुसून निघूनच जाते. लिहिलेलं सगळं गेलं. इथे पेशंट गाल धरून उभा!”

चूक सांगायला आजही लाज वाटते. तारखेसाठी माझ्यातूनच एक छोटं कॅलेंडर उघडायचं आणि माझ्या कडेखाली लोंबायचं. त्यावर क्लिक झालं, की मला वाटायचं, बाहेरचंच कुणीतरी! पोटचं लेकरू मी परकं धरलं, आणि मिटले.

“माझ्याच हातची ना, दुसरं काय होणार!” ती स्वतःशीच म्हणाली.

तिचे साहेब समजुतीने बोलले, “शुक्रवारपर्यंत बघ. नाहीतर काम दुसऱ्याकडे देऊ. तुला घरी लहान मूल आहे, कळतं मला.” ती समजूतच तिला जास्त लागली.

तीन दिवस ती माझ्याशी झटली. शेवटी तिने मला शिकवलं: मिटण्याआधी बघ, क्लिक कुठे झालंय? तुझ्यात, किंवा तुझ्यातून उघडलेल्या कुणात? तसं असेल तर थांब.

शुक्रवारी मावशींचा पुन्हा फोन. “लागली बाई तारीख एकदाची!”

सहा वर्षं झाली त्याला. किती दुखऱ्या दाढा माझ्यात लिहिल्या गेल्या! आता नव्या आवृत्तीत माझ्या जागी अख्खं पान आलंय. ऐसपैस आहे, चांगलं आहे. मला निरोप नको. नजर दुसरीकडे वळवा, झालं.

आज तिने मला शेवटचं उघडलं. शेजारी लेक उभी होती, खांद्याला लागलेली.

“हिच्यापायी तुला फार हाकललं गं मी. आठवतं का?”

“हाकललंस? तू तर मला मांडीवर घेतलंस. म्हणालीस, बाहेर कुठेही क्लिक कर, बघू मिटते का. मी सगळीकडे केलं. मग माऊस तुझ्या नाकावर ठेवूनपण दाबला. तू काही मिटली नाहीस.”