माझ्यावाचून ठरलेली खूण

आम्ही तिघं भावंडं. मी थोरली, मधला भोंगा आणि मग धाकटी. भोंगा जन्मापासून बहिरा, म्हणून मुका. पण खूश झाला की असा आवाज काढायचा की खालच्या मजल्यावरचे लोक खिडकीतून वर बघायचे. वडिलांनी लाडाने भोंगा म्हटलं आणि तेच चिकटलं.

आमच्या घरची बोली हातांची. ती आम्हीच केलेली. मी पुढे जन्मभर लहान मुलांना वाचायला शिकवलं, पण माझा पहिला विद्यार्थी भोंगाच. मीठ म्हणजे जिभेला चिमूट, डॉक्टर म्हणजे मनगटावर दोन बोटं. मी म्हणजे खांद्यावरून खाली ओढलेली वेणी. वेणी गेली, केस पिकले, तरी खूण तीच. नियम एकच होता: घरात नवी वस्तू आली, नवी गोष्ट घडली, की तिघांनी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसायचं आणि तिघांना पटेल ती खूण ठरवायची. एकट्यादुकट्याची खूण चालायची नाही. फ्रिजच्या खुणेवरून धाकटी रुसली, तेव्हा कित्येक दिवस आम्ही फ्रिजकडे नुसतं बोट दाखवत होतो.

आई-वडील गेल्यावर आम्ही एकत्रच राहिलो. मी लग्न केलं नाही, धाकटीचं टिकलं नाही आणि भोंग्याचा विषय कुणी काढलाच नाही. तो लाँड्रीत चादरींच्या घड्या घालायचा. मोठ्या चादरीला दोन माणसं लागतात, समोरासमोर उभी. बोलावं लागत नाही, त्यामुळे तिथे तो सगळ्यांच्या बरोबरीचा होता.

यंदा त्याचे पाय सुजायला लागले. जिना चढताना मध्येच थांबायचा. दवाखान्यात त्याच्याबरोबर नेहमी मीच जायचे, पण माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि ते काम धाकटीकडे गेलं. परत आली की सांगायची, हृदय जरा अशक्त आहे, गोळ्या बदलल्यात, काळजीचं काही नाही. भोंग्याने काम सोडलं तेही विश्रांतीपुरतं, असंच मला सांगितलं. मी विश्वास ठेवला. जेवणातलं मीठ कमी केलं, त्याला सकाळी गॅलरीत उभं करून दीर्घ श्वास घ्यायला शिकवू लागले.

एका दुपारी मी स्वयंपाकघरात गेले, तर दोघं टेबलाशी बसलेली. भोंग्याने हवेत दोन कोपरे जुळवले, वरून तळहात फिरवून ती न दिसणारी घडी सपाट केली आणि उचलून उंच फळीवर ठेवल्यासारखे हात वर नेले. मग रिकामे हात दाखवले. धाकटी डोळे पुसत होती. मला पाहताच दोघांचे हात मांडीवर गेले, बाई वर्गात आल्यावर जातात तसे.

मी विचारलं. लाँड्रीतलं काहीतरी सांगत होता, असं धाकटी म्हणाली. भोंग्यानेही मान डोलावली, पण भुवया वर चढवून. खोटं बोलताना त्याच्या भुवया चढतात, हे मला तो रांगत होता तेव्हापासून ठाऊक.

दुसऱ्या दिवशी काठी टेकत मी लाँड्रीत गेले. मालकाने खुर्ची दिली. मी ती खूण करून दाखवली आणि तुमच्या कामात याचा अर्थ काय, असं विचारलं. इस्त्री करणाऱ्या बायकांचे हात थांबले.

मालक म्हणाला, "बाई, ही तर तुमच्या घरची खूण. त्यानंच आम्हाला दाखवली." मग माझ्या चेहऱ्याकडे बघून तो चाचरला. "निरोप घ्यायला आला होता. हृदय आता फार दिवस साथ देणार नाही म्हणे. धाकट्या ताईंनी समजावून सांगितलं आम्हाला. मला वाटलं, खूण तुम्हीच शिकवली असेल. त्याला सगळं तुम्हीच शिकवता ना."

सगळ्या लाँड्रीला ठाऊक होतं. घरात मला तेवढी ताकास तूर लागू दिली नव्हती.

घरी आले तेव्हा धाकटी मटार सोलत होती. मी विचारलं, "किती दिवस?"

तिला लगेच कळलं. "डॉक्टर म्हणाले, वर्ष पुरं होणं कठीण."

"आणि माझ्याशी खोटं बोललीस."

"त्यानंच सांगितलं, ताईला नको."

"का?"

तिने शेंगा बाजूला सारल्या. "तुला कळलं की तू त्याला सोडणार नाहीस, ताई. दुसरा डॉक्टर, तिसरा डॉक्टर, सकाळचा व्यायाम. तू त्याला मरायलासुद्धा शिकवशील."

मी सरळ भोंग्याच्या खोलीत गेले आणि त्याच्यासमोर ती खूण केली. त्याने आधी माझ्या मागे दारात उभ्या असलेल्या धाकटीकडे पाहिलं. ती नजर चांगली नव्हती. मग माझे हात धरून खाली दाबले. मी ते सोडवून घेतले आणि विचारलं, तिला सांगितलंस, मला का नाही?

तो दमला होता, हातांनी सावकाश बोलला. ती रडते. मग आम्ही चहा पितो. तू रडत नाहीस. तू उठतेस.

मीही रडेन, असं मी सांगितलं. त्याने मला नीट निरखलं आणि नाकातून हसला.

पुढच्या तपासणीच्या दिवशी मी सगळ्यांच्या आधी तयार झाले. डॉक्टरांना एक अक्षर विचारणार नाही, नुसती शेजारी बसेन, असं त्याला हातांनी सांगितलं. धाकटीनेही सांगितलं, येऊ दे तिला. त्याने माझ्या गालावर थोपटलं, हट्टी पोराला थोपटावं तसं. माझी काठी कोपऱ्यात नेऊन ठेवली आणि धाकटीचा दंड धरला.

ती दोघं जिना उतरू लागली. खालच्या वळणावर पावलं थांबली आणि बराच वेळ पुढे सरकली नाहीत. तो दम घेत असेल, किंवा बोलत असतील. आवाज काहीच येत नव्हता. मी कठडा धरून वाकले. त्याच्या डोक्यावरचं टक्कल तेवढं दिसलं, हात दिसले नाहीत.