एक वेळचं जेवण

"जोड!" आदितीनं भाकरीचे दोन तुकडे बापाच्या नाकासमोर धरले. "पप्पा, जोड की!"

सम्मेद मगदूमचं उद्यमनगरात मोटर रिवाइंडिंगचं दुकान होतं. मुरगूड-कागलकडचे शेतकरी पंपाची जळून कोळसा झालेली मोटर टेम्पोत घालून आणायचे आणि संध्याकाळी हसत परत न्यायचे. एवढा हाताला गुण असलेला माणूस, पण मोडलेली भाकरी जोडायची कशी हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. त्यात चूकही त्याचीच. बायकोनं, स्नेहलनं, पोरीसाठी तळहाताएवढी चानकी थापली होती. तोंड पोळेल म्हणून ह्यानं ती प्रेमानं मोडून दिली.

"दुसरी देतो बाळ. आख्खी."

"दुसरी नको! हीच आख्खी पायजे!"

त्यानं तूप लावून तुकडे चिकटवून पाहिले. क्षणभर चिकटले आणि घसरले. आदितीचा खालचा ओठ बाहेर आला. साडेतीन वर्षांच्या ह्या बाईसाहेबांचा ओठ बाहेर आला की पुढं काय होतं, ते अख्ख्या गल्लीला पाठ होतं. आधी त्या फरशीवर आडव्या व्हायच्या, मग ताठ व्हायच्या आणि मग जो सूर लावायच्या तो कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीपर्यंत जायचा.

एरवी सम्मेदला त्याचं हसू यायचं. पण आज पावणेअकरा वाजले होते आणि अकराला आप्पा जेवायला बसणार होते.

आप्पासो म्हणजे त्याचे वडील. वय अठ्ठ्याहत्तर. भाद्रपदातल्या जैनांच्या पर्युषण पर्वाचे दहा दिवस ते एकदाच जेवायचे. पाणीही तेव्हाच, नंतर दुसऱ्या दिवशी अकरापर्यंत घोटभरसुद्धा नाही. आणि जेवताना कुणाचं रडणं कानावर पडलं तर तो अंतराय, त्या दिवसाचं जेवण तिथंच संपलं. हातातला घास ताटात ठेवायचा, आचवायचं आणि उठायचं. वीस वर्षं हा नेम सुखात चालला, कारण त्या वेळेला घरात रडणारं कुणी नव्हतं. गेली तिन्ही वर्षं पर्वात आदिती आजोळी शिरोळला होती. ह्या वर्षी मात्र ती घरात होती आणि काल तिनं उलट्या घातलेल्या चपला कुणीतरी सुलट्या केल्या म्हणून गळा काढला होता. आप्पा चौथ्या घासाला उठले.

आज सकाळी मंदिराच्या पायऱ्या उतरताना त्यांनी सम्मेदचा दंड धरला. आजवर कधी धरला नव्हता. आणि त्या धरण्यात काही जोर नव्हता. आजचं ताट गेलं तर हा माणूस उद्याचं बघेल की नाही, असलं काहीतरी तेव्हापासून सम्मेदच्या मनात येत होतं आणि तो ते झटकत होता.

स्नेहल सोवळ्याच्या धुतल्या कपड्यांत रांधत होती. आप्पांचं होईस्तोवर तिनं लेकीला शिवायचं नव्हतं. ती आतूनच ओरडली, "मी वाढतो. तुमी तिला घिऊन भायेर जावा बघू! दुकानावर न्हेवा, कुठं बी न्हेवा. आज मामंजींच्या पोटात दोन घास गेलंच पायजेत."

"मी अज्जाजवळ बसणार!" आदिती म्हणाली.

"स्कूटरचा हॉर्न वाजवायचा का?" सम्मेदनं ठेवणीतलं अस्त्र काढलं.

ओठ अर्धा आत गेला. "लई वेळा?"

"कोपऱ्यावर गेल्यावर लई वेळा. हितं न्हाई."

बराच व्यवहार झाला. शेवटी ती दोन्ही मुठींत दोन तुकडे धरून स्कूटरवर पुढं उभी राहिली. खिडकीतून स्नेहलनं मान हलवली. आप्पा बसले होते. त्यांनी हात जोडून डोळे मिटले, उघडले आणि पहिला घास घेतला. सम्मेदला इतकं हायसं वाटलं की त्याला स्वतःलाच शाबासकी द्यावीशी वाटली. गाडी चालू न करता ढकलत कोपऱ्यापर्यंत न्यायची, एवढंच उरलं होतं.

त्यानं स्टँड काढला. गाडीला जरासा हिसका बसला आणि आदितीच्या मुठीतला एक तुकडा खाली चिखलात पडला.

तिनं खाली पाहिलं. छाती भरून श्वास घेतला. तोंड उघडलं.

सम्मेदनं तिच्या तोंडावर हात दाबला.

आवाज आला नाही. मोटरीच्या तारा ओढून राठ झालेल्या त्या तळहाताखाली फक्त गरम वाफ आली. ती धडपडली नाही की लाथाही झाडल्या नाहीत. नुसती बापाकडं बघत राहिली. त्या डोळ्यांत हट्ट नव्हता, भीती होती, आणि ती आपल्यालाच घाबरलीय हे सम्मेदला कळलं. त्याला स्वतःची शरम वाटली. तरी त्यानं हात काढला नाही. दहा घास होऊ देत, फक्त दहा घास, असं तो मनात म्हणत होता.

त्यानं खिडकीकडं पाहिलं. आप्पा त्याच्याकडंच बघत होते. पुढचा घास त्यांच्या हातात होता. तो त्यांनी हळूच ताटात ठेवला.

आचवून, भिंतीला धरत ते बाहेर आले.

"हात काढ."

"आप्पा, तुमी जेवा की! आवाज तर आला न्हाई न्हवं?"

"काढ म्हणतो न्हवं!"

हात निघाला. आदिती लगेच रडली नाही. आधी तिनं आजोबांकडं पाहिलं, आत दिसणाऱ्या ताटाकडं पाहिलं आणि हुंदका गिळला. तिलाही सगळं ठाऊक होतं तर!

आप्पा पायरीवर टेकले. तिला मांडीवर ओढून म्हणाले, "रड बाळा. मोठ्यानं रड. माझं जेवान झालंय. पोट भरलं."

ती त्यांच्या सदऱ्यात तोंड खुपसून जी रडली, तसं रडणं गल्लीनं आजवर ऐकलं नव्हतं. आप्पा तिला गप कर म्हणाले नाहीत. पाठीवर नुसता हात फिरवत राहिले.

सम्मेदनं पस्तीस वर्षांत त्यांच्या तोंडून खोटं ऐकलं नव्हतं. आज तर पर्वातला उत्तम सत्याचा दिवस होता.

तो आत गेला. स्नेहल ताटासमोर उभी होती. वरण, तूप आणि एक कोर मोडलेली भाकरी, सगळं होतं तसं होतं. डोळे पुसत ती म्हणाली, "ह्याचं काय करू?"

त्या घरात ताटात अन्न टाकायची रीत नव्हती. सम्मेद आप्पांच्या पाटावर बसला. बाहेर लेक टाहो फोडत होती. त्यानं वडिलांनी ठेवलेला घास उचलला आणि मान खाली घालून चावायला लागला.