पाटलाचं उठणं-बसणं

थंडी आली की ती आधी अर्जुनराव पाटलांच्या कमरेला कळायची, मग बोरखेडी गावाला. दिवाळी सरून देवदिवाळीचे वेध लागले, बालाघाटाच्या उतारावरून पहाटेचा कोरडा वारा खाली येऊ लागला, की डाव्या खुब्यात काहीतरी जागं होई. तिथून निघालेली कळ मांडीच्या मागून पोटरीत उतरे आणि घोट्यापाशी जाऊन बसे. बसे म्हणजे मुक्कामालाच बसे. होळीपर्यंत हलत नसे.

मूळ कारण साधं होतं. चौसाळ्याच्या बाजारावरून येताना नाल्याच्या उतरणीला पायाखालचा धोंडा निसटला आणि तांबडी घोडी पाटलांना घेऊन आडवी झाली. घोडी उठली, पाटील उठले नाहीत. तलवाड्याहून हाडवैद आणला. त्यानं ओढून-ताणून हाड जागेवर बसवलं, निरगुडीचा पाला बांधला आणि जाताना सांगितलं, "चालाल, फिराल, घोडीवरबी बसाल. पर गारव्याला जपा. हाड बसलंय, पर रुसलंय."

तसंच झालं. उन्हाळ्यात पाटील चारचौघांसारखे हिंडत. थंडीत मात्र त्यांना उभं राहता येई, निजता येई, अंग तापलं की चालताही येई. पण जमिनीवर मांडी घालून बसलं की उठणं होत नसे. भिंतीचा, खुंटीचा, कशाचा तरी आधार धरून, ओठ दाबून, कण्हत उठावं लागे. आणि कण्हणं पाटलांना परवडणारं नव्हतं. निजाम सरकारच्या अमलात पाटीलकी वंशपरंपरेची खरी, पण भाऊबंदकीत पाटीलकी म्हणजे उघडं ठेवलेलं दूध. धाकटा चुलतभाऊ त्रिंबक तरणाबांड, लिहितावाचता, चावडीवर रोज हजर. पाटलाचं उठणं-बसणं राहिलं नाही एवढी कुजबुज वर पोचायला वेळ लागला नसता.

म्हणून अर्जुनरावांनी सोपा उपाय काढला. थंडीत ते बसतच नसत. चावडीत खांबाला पाठ टेकून, हाताची घडी घालून उभे राहत. कुणी घोंगडी पुढं सारली तर "चालू द्या तुमचं" म्हणत. लग्नकार्यात पंगत बसून गेल्यावर पोचत आणि वाढपी दुसऱ्यांदा फिरायच्या आत काहीतरी काम काढून निघत. सकाळची कामं ऊन वर येईपर्यंत लांबवत आणि चावडीच्या उगवतीकडच्या भिंतीला तापत उभे राहत. गावानं याचा आपल्या परीनं अर्थ लावला. पाटलाला आता गावात बरोबरीचं कुणी वाटत नाही, असं लोक म्हणू लागले. लहानपणापासूनचे सोबती हळूहळू लांब झाले. पाटलांना ते दिसत होतं. दुबळा म्हणवून घेण्यापेक्षा गर्विष्ठ म्हणवून घेणं त्यांना स्वस्त वाटलं.

घरात फक्त केशरबाईला ठाऊक होतं. पहाटे ती चुलीत तापवलेली वीट धडप्यात गुंडाळून नवऱ्याच्या खुब्याखाली सरकवी, एरंडाची पानं तव्यावर वाफवून बांधी, जेवायला एकावर एक दोन पाट मांडी. पहिल्या हिवाळ्यात तिनं विचारलं होतं, "लई दुखतंय का?" पाटील म्हणाले होते, "न्हाई." त्यानंतर तिनं विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. काम तेवढं रोज होत राहिलं.

त्या सालचा पौष वाईट निघाला. हरभऱ्यावर पांढरं हिंव पडून घाटे करपले. गोठ्यातली जनावरं एकमेकांना चिकटून उभी राहत. पाटलांना रात्रीची झोप नव्हती आणि दिवसा चेहरा नीट ठेवायचं काम होतं. अशात त्रिंबक सांगत आला.

"दादा, तहसीलदारसाहेबाचा दौरा हाय. डेरा आपल्या आमराईत पडनार. आश्रुबाच्या आन् धर्मराजाच्या रानांमधल्या पांदीचा, गाडीवाटेचा वाद साहेब इथंच ऐकनार. सकाळच्याला या म्हनून निरोप हाय."

"सकाळच्यालाच कावून?" पाटलांनी विचारलं. "ऊन वर आल्यावर बसू म्हनावं."

"त्यान्ला दुपारी फुडच्या गावाला जाऊन सांजच्याला डेऱ्यावर परतायचंय."

त्रिंबक गेल्यावर केशरबाई दारातून म्हणाली, "साहेबाला सांगून टाका. एखादी तिवई देतील बसायला."

"साहेबाफुडं पाटील तिवईवर बसला तर गाव काय म्हनंल?"

"गाव आताबी म्हनतंयच की," ती म्हणाली आणि आत गेली.

आमराईत सकाळचं ऊन शिरत नव्हतं. झाडांच्या सावलीत रात्रीचा गारवा तसाच साठून होता. राहुटीपुढं साहेबाची खुर्ची मांडली होती, खुर्चीशेजारी निखाऱ्यांची शेगडी आणि समोर गावकऱ्यांसाठी सतरंजी. तहसीलदार हैदराबादेकडचे, उतारवयाचे, शेरवानीवर शाल लपेटून बसलेले. त्यांचा कारकून, पेशकार, कागद चाळत होता. आश्रुबा आणि धर्मराज दोन टोकांना बसले होते. मागं निम्मं गाव होतं.

अर्जुनरावांनी मुजरा केला आणि सवयीनं आंब्याच्या खोडाला टेकून उभे राहिले.

"बैठो पाटील, बैठो," साहेब म्हणाले.

"असू द्या साहेब, ठीक हाय."

साहेबांनी एकवार वर पाहिलं. थोड्या वेळानं पेशकार हळू आवाजात म्हणाला, "पाटील, साहेबांनी बसायला सांगितलंय. हुकूम झाल्यावर उभं राहणं बरं दिसत नाही."

मागं कुणीतरी खाकरलं. पाटील बसले. बसताना काही विशेष झालं नाही, बसणं कधीच अवघड नव्हतं. सतरंजी पातळ होती. खालच्या मातीचा गारवा तिच्यातून वर आला, खुब्यात शिरला आणि तिथं घट्ट धरून राहिला.

पांदीचं प्रकरण एवढंसं होतं, पण धर्मराजानं आज्यापासून सुरुवात केली. आज्याची चिंच, चिंचेखालचा दगड, दगडापासून गाडी कशी वळायची. आश्रुबानं त्याच्या चुलत्याला मध्ये आणलं. साहेबांनी पाटलांना विचारलं तेव्हा पाटलांनी नीट सांगितलं, की पांद जुनीच आहे, बांध आश्रुबानं पुढं सरकवला, पण धर्मराजानंही वरच्या अंगाला तेच केलं आहे. आवाज स्थिर होता. खाली पाय बधिर झाला होता आणि बधिर पायाच्या आत कळ मात्र शाबूत होती, बंद घरात दिवा जळत राहावा तशी. दोघांनी आपापला बांध मागं घ्यावा, असा निकाल झाला. दोघांनाही तो पटला नाही, म्हणजे बहुतेक बरोबर होता.

साहेब उठले. सगळे उठले. पाटील उठले नाहीत.

त्यांनी हात टेकून पाहिला. कमरेखालचं अंग कुणा दुसऱ्याचं असल्यासारखं पडून होतं. हाताला ना भिंत, ना खुंटी. आंब्याचं खोड चार हात लांब राहिलं होतं. तहसीलदार उभे आणि पाटील बसलेला, असं दृश्य त्या मुलुखात कुणी पाहिलं नव्हतं. पेशकाराचा चेहरा कडक झाला.

"पाटील, उठा."

सगळ्यांची नजर आधी पाटलांवर आणि मग त्रिंबकवर गेली. त्रिंबक पुढं आला, वाकला, हात पुढं केला. पाटलांनी त्या हाताकडं पाहिलं. तो धरून उठता आलं असतं का, हे त्यांना नक्की ठाऊक नव्हतं. धरून अर्ध्यात पडलो तर, हा विचार मात्र स्पष्ट आला. मग त्यांना एकाएकी या सगळ्याचा कंटाळा आला. भीती नव्हे, लाजही नव्हे, निव्वळ कंटाळा.

"साहेब," ते म्हणाले, "माझ्यानं उठवत न्हाई. खुब्याचं हाड मोडलेलं हाय. थंडीत बसलो की उठता येत न्हाई."

साहेबांनी शाल सावरली.

"तो पैले बोलना था," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता, दयाही नव्हती. एखाद्या अर्जात रकाना राहून गेला असावा तसं ते म्हणाले. शिपायाला त्यांनी शेगडी पाटलांजवळ ठेवायला सांगितली आणि पेशकाराला म्हणाले, "चारपाई मंगाओ."

जवळच्या वस्तीवरून बाज आली. चौघांनी पाटलांना उचलून तीवर निजवलं. कुणीतरी थंडी वाजू नये म्हणून घोंगडी पार हनुवटीपर्यंत पांघरली. मग बाज खांद्यावर घेऊन ते गावाकडं निघाले. बाजेचा एक खूर त्रिंबकच्या खांद्यावर होता.

मग त्रिंबक समोर बघत म्हणाला, "दादा, हे कवापासनं?"

"घोडीवरनं पडलतो तवापासनं."

"आमच्या पोरीच्या, मुक्तीच्या लग्नात तुमी पंगतीला बसला न्हाई ते..."

"उठता आलं नसतं."

त्रिंबकनं खांदा बदलला. "मी समजत हुतो, आमच्या दारात बसायचं न्हाई तुमाला. तिची आई चार दिस रडत हुती."

डोळ्यांवर ऊन आलं होतं म्हणून पाटलांनी ते मिटून घेतले. नेमकी तेव्हाच बाज वेशीतून आत शिरली. चौघांच्या खांद्यावर बाज, अंगभर घोंगडी, मिटलेले डोळे आणि मागं खाली माना घातलेली माणसं. वेशीजवळ राहणारी म्हातारी छबुबाई दारात गोवऱ्या रचत होती. तिनं एकदा पाहिलं आणि कपाळावर हात मारून गळा काढला. शेजारच्या घरातून दुसरीनं साथ दिली.

पाटलांनी मान उचलली. "जिता हाय मी, छबुबाई."

म्हातारी मध्येच थांबली. तोंड उघडं तसंच राहिलं. मग बाज उचलणाऱ्यांपैकी एकजण हसला, त्याच्यामुळं बाज हलली, पाटील कळवळून ओरडले, आणि गावानं त्यांचं कण्हणं पहिल्यांदा ऐकलं.

केशरबाईपर्यंत रडणं आधी पोचलं होतं, खुलासा पोचला नव्हता. बाज वाड्याच्या तोंडाशी आली तेव्हा ती उंबऱ्याशी खांब धरून उभी होती. घोंगडीतून एक हात बाहेर आला आणि मिशी खाजवू लागला. ते पाहून ती तिथंच खाली बसली. मग उठली आणि म्हणाली, "बाज उन्हात ठेवा. आत नगं."

संध्याकाळी त्रिंबक आमराईत साहेबांना भेटून आला. डेरा दुसऱ्या दिवशीच हलणार होता, पण गावानं त्या रात्रीच काय ते ठरवून टाकलं. पाटीलकी गेली, असं निम्मी माणसं म्हणत होती. त्रिंबकनं काय मागितलं कुणाला कळलं नाही. काही मागितलंच नसेल असंही नाही. आला तेव्हा तो एवढंच म्हणाला, "साहेब म्हनले, पाटीलकी डोक्यानं करायची असती, खुब्यानं न्हाई. थंडीत गस्त आन् पाहनी मी करायची. बाकी तुमचं तुमी."

"जमंल तुला?" पाटलांनी विचारलं.

"बघू."

जमलं, पण फारसं आवडलं नाही. पहाटेची गस्त घालून आल्यावर त्रिंबक पाटलांच्या अंगणातल्या शेकोटीशी बसे आणि धर्मराजाच्या नावानं बोटं मोडे. बांध मागं घ्यायला अजून कुणी कुदळ उचललेली नव्हती. पाटील बाजेवर आडवे पडून ऐकत. त्यांची बाज आता रोज अंगणात, उगवतीच्या अंगाला पडे. चावडीचं किरकोळ काम तिथंच होऊ लागलं.

दुखणं तसूभर कमी झालं नव्हतं. उलट त्या सतरंजीवरच्या सकाळीनं ते आणखी चिघळलं होतं. पण आता कळ आली की पाटील मोकळ्या गळ्यानं कण्हत. समोर कुणी बोलत असलं तर तो थांबे, कळ ओसरू देई आणि पुढं बोलू लागे. यात काही विशेष आहे असं लोकांना वाटेनासं झालं.

आणखी एक गोष्ट झाली, ती पाटलांच्या ध्यानीमनी नव्हती. माणसं आपापली दुखणी घेऊन शेकोटीशी येऊ लागली. आश्रुबाची पाठ मोटेचं काम करून गेली होती. धर्मराजाचा गुडघा पावसाळ्यापेक्षा थंडीत जास्त सुजे. म्हातारी छबुबाई सकाळी बोटं उघडत नाहीत म्हणून चुलीपुढं हात धरून बसायची, तशी इथं येऊन बसू लागली. गरम वाळूची पुरचुंडी बरी की निरगुडीची वाफ, बिब्बा लावावा की लावू नये, यावर तासन्‌तास बोलणं चाले आणि पांदीच्या वादापेक्षा जोरात चाले. इतकी वर्षं आपण एकटेच खांबाला टेकून उभे आहोत असं पाटलांना वाटत होतं. गावात खांब पुष्कळ होते.

माघ लागला. एका सकाळी शेकोटीभोवतीची माणसं उठून गेल्यावर केशरबाई राख सारायला आली. डाव्या हातानं सारत होती. उजवा हात तिनं अंगाशी धरला होता. पाटलांनी बराच वेळ पाहिलं.

"हाताला काय झालं?"

"हात न्हाई, खांदा हाय. वर जात न्हाई."

"कवापासनं?"

"थोरलीच्या बाळंतपनात पानी उपसून धरला. थंडीचा जास्तच."

थोरल्या लेकीला आता दोन लेकरं झाली होती. पाटलांनी मनातल्या मनात हिवाळे मागं मोजायला सुरुवात केली आणि सोडून दिलं.

"बोलली न्हाईस कधी."

"तुमी ईचारलं न्हाई," ती म्हणाली. तिच्या बोलण्यात ठसका नव्हता. राख आज जास्त झाली म्हणावं तशी म्हणाली.

पाटील बाजेवर सरकले. सरकताना कळ आली, कण्हले, थांबले आणि पुन्हा सरकले. कडेला माणूस बसेल एवढी जागा झाली.

"बैस जरा. ऊन चांगलं हाय."

केशरबाईनं दारातून-वेशीतून कुणी येतंय का ते पाहिलं. मग हात पदराला पुसून बाजेच्या कडेवर टेकली, पाठ उन्हाकडं करून, खांद्यावरचा पदर जरा सैल सोडून. गोठ्यात वासरू हंबरेपर्यंत ती बसली. मग उठली. उठताना तीही हलकेच कण्हली आणि गोठ्याकडं गेली.