कुसाबाईचा कोटा

मित्रांनो, चाळ म्हटले की तुम्हाला माणसांची चाळ आठवेल. मी कांद्यांची चाळ आहे, आणि आता बरीच जुनी झाले आहे. कळवणचा रस्ता मळ्यांकडे वळतो तिथे विटांच्या बुटक्या खांबांवर मी उभी आहे. मल्हारीने मला बांधले. बाजूंना बांबूच्या पट्ट्या ठोकताना त्याने मध्ये फटी ठेवल्या, म्हणजे वारा आत खेळावा. वर तेव्हा उसाचे पाचट होते, पत्रे नंतर आले. नवी होते तेव्हा पाहुणे घराआधी मला बघायला येत. फटीतून हात घालून कांदा चाचपत, बोटांचा वास घेत आणि मल्हारीकडे बघून मान डोलवत. मल्हारी आता नाही. शेजारी पंखे लावलेल्या सिमेंटच्या चाळी उभ्या राहिल्या. मला बघायला कोण येणार?

पण स्वस्थ उभे राहणे मला कधी जमलेच नाही. कांदा गप्प दिसतो, तरी तो जिवंत असतो. त्याला श्वास लागतो, घाम येतो. कोंदट हवेत तो आतल्या आत कुजायला लागतो किंवा उगवायला बघतो. उन्हाळ्यात भरलेला कांदा मी फार तर दिवाळीपर्यंत सांभाळते. चाळ कधी फोडायची, म्हणजे माल काढून बाजारात कधी न्यायचा, हे मल्हारी माझ्या वासावरून ठरवी. आता ते दूर कुठेतरी ठरते.

यंदाचा कांदा तृप्तीचा होता. तृप्ती ही मल्हारीच्या बायकोची, कुसाबाईची सून. कुसाबाईचा मुलगा शेखर सातपूरला कारखान्यात आहे आणि सुटीला घरी येतो. त्याचे म्हणणे होते की जमीन शेजारच्या रावजीला खंडाने, म्हणजे वर्षाच्या ठरावीक भाड्यावर, कसायला द्यावी आणि सगळ्यांनी सातपूरला राहायला जावे. तृप्ती म्हणाली, एक हंगाम मला करू द्या, नाही जमला तर मी स्वतः सामान बांधीन. हे बोलणे माझ्याच सावलीत झाले. शेखर तेव्हा माझ्या पत्र्यांकडे बघत होता. उतरवून विकले तर काय येईल, असे ते बघणे होते.

कांदा सुरेख निघाला. मी काठोकाठ भरले. आणि शहरात कांदा महागू नये म्हणून सरकारने परदेशी जाणाऱ्या कांद्यावर कर लावला. असा कर लागला की समुद्रापलीकडच्या गिऱ्हाइकाला आपला कांदा महाग पडतो आणि ते दुसऱ्या देशाकडे जाते. बाहेर जायचा माल इथेच तुंबला. शहरातल्या बायकांना तो स्वस्त मिळाला, त्याचे मला वाईट वाटत नाही. पण इकडे लिलावात भाव बसला. तृप्ती सकाळी उठून फोनमध्ये भाव बघायची आणि मग येऊन माझ्या फटीत हात घालायची. आत ऊब वाढत होती. ती तिलाही कळत होती आणि मलाही.

श्रावण संपत आला तेव्हा रावजी ट्रॅक्टर बांधावर थांबवून सांगू लागला, एका देशासाठी कोटा सुटलाय, व्यापारी गाड्या भरतायत, भाव उठलाय. तृप्तीने लगेच डोक्याला फडके बांधले. कुसाबाईने तिला थांबवले.

कोटा हा शब्द कुसाबाईच्या ओळखीचा होता. रेशनच्या दुकानात कोटा येतो. कार्डावर ज्याचे नाव, त्याचे धान्य त्याचेच. महिना संपायच्या आत कधीही जाऊन आणावे.

"आपल्या नावचा कोटा हाय ना, मंग तो कुठं पळून जातोय?" ती म्हणाली. "तोंडावर पोळा आलाय. सणाला घरात कांद्याची फोलपटं नको. सण झाला का फोडू."

तृप्तीला शंका होती, पण घरात कोट्याची माहितगार कुसाबाईच. तिने फडके सोडले. अंगणात मातीच्या बैलांची पूजा झाली. रस्त्याने इतरांच्या ट्रॉल्या भरून जात होत्या. माझ्या पट्ट्या करकरत होत्या. लोकांना तो वारा वाटला.

सण झाल्यावर मला फोडले. तृप्तीची ट्रॉली लिलावात पोचली तेव्हा त्या देशाला पाठवायला सरकारने मोकळा केलेला ठरावीक माल व्यापाऱ्यांनी केव्हाच भरला होता. भाव पुन्हा पडला होता.

"मावशी, हा काय रेशनचा कोटा हाय का?" रावजी हसत म्हणाला. "याच्यावर कुणाचं नाव नसतं. जो आधी भरील त्याचा."

"मंग त्याला कोटा कशाला म्हणता रे, मेल्यांनो?" कुसाबाई म्हणाली आणि घरात गेली.

त्यानंतर ती तृप्तीच्या नजरेला नजर देईना. तृप्तीही तिला एका शब्दाने बोलली नाही, आणि कुसाबाईला तेच जड गेले. काही माल मातीमोल गेला, काही माझ्या पोटात सडला. उरलेल्याला मोड फुटून हिरवी टोके फटींतून बाहेर आली. शेखरने फोन केला की रविवारी टेम्पो घेऊन येतो. रावजीचीही तयारी होती, फक्त रान त्याला सगळे रिकामे हवे होते.

मोड आलेला कांदा बाजारात कुणी घेत नाही. पण तो जमिनीत लावला की उंच दांडा येतो, त्यावर पांढरा गोंडा फुलतो आणि त्यात पुढच्या वर्षाचे बी धरते. तृप्तीने टणक कांदे निवडले आणि विहिरीपासून बांधापर्यंत वाफ्यांत लावायला घेतले. थोड्या वेळाने कुसाबाई आली. ती शेजारच्या वाफ्यात बसली आणि लावू लागली.

रविवारी शेखर आला आणि वाफे बघतच राहिला. "हे कुणाला विचारून लावलं?"

तृप्तीने मान वर केली. तिच्या आधी कुसाबाई बोलली, बसल्या जागेवरूनच.

"मला. बी चैतात निघंल. तवर हे रान कुणाला द्यायचं नाय."

टेम्पो रिकामा परत गेला. चैत्रानंतर काय होईल ते मला माहीत नाही. मी रिकामी उभी आहे, आणि रिकामेपणातही मला चैन नाही.

मित्रांनो, तुमच्यापैकी कुणी मोठेपणी दूरच्या शहरात बसून असे कर आणि कोटे ठरवील. शहरातल्या ताटाचाही विचार तुम्हाला करावा लागेल, ते मी समजते. पण जे ठरवाल ते कांदा लावायच्या आधी सांगा, माझे पोट भरल्यावर नको. आणि असा शब्द वापरा, की तो कुसाबाईला पहिल्याच दिवशी कळेल.