फणस कमिशनर, करवंद शिपाई

एक फणस, दोन हातांत न मावणारा.

निळा डगला, एक बटण कमी.

होळीनंतरची तिसरी अमावास्या, बाजाराचा दिवस.

"पोलिसानं नेला म्हनं." कुणी पाहिलं, ते कुणालाच ठाऊक नाही.

हे सगळं कशेळ्याच्या बाजारात एका गोणपाटाशी येऊन थांबलं. गोणपाट आणि त्यावरचा रानमेवा वाडीवरच्या जिजाचा. डगला येसाजीचा. पोशीरचा येसाजी मुंबईत पोलीस शिपाई. रजेवर आला होता, पण अंगातला डगला काही रजेवर जाईना. आणि नेला तो जिजाचा नवरा शुक्रा, मुंबईला येसाजीच्या पलीकडच्या भागात हमालीला गेलेला.

"दादा, तुमच्या पोलिसात कुनाला विचारायचं?"

"ते काय तुझ्या वाडीएवढं वाटलं, जिजे? हे बघ." येसाजी उकिडवा बसला आणि तिचाच माल मांडायला लागला. वर फणस. "हा कमिशनर. अख्ख्या मुंबईला एकच." खाली दोन मोठे आंबे. "हे त्याचे डिप्टी." मग धुळीत रेघा ओढून त्याने मुंबईचे भाग पाडले. भागाभागांत आंबे ठेवले, ते साहेब. काजूची बोंडं ठेवली, ते जमादार-हवालदार. उरली करवंदं, ती मुठीमुठीने ओतली. "हे आम्ही."

"आन् गुप्त पोलीस?" शेजारच्या पारूने विचारलं.

येसाजीने दोन करवंदं पळसाच्या पानाखाली सारली. "दिसतात?"

"नाय."

"झालं तर!"

तेवढ्यात एका गिऱ्हाइकाने फणस उचलला. "ठेव रं खाली," पारू ओरडली, "कमिशनर हाय त्यो!"

जिजा हसली नाही. "यातल्या कुनी शुक्राचं तोंड पायलं असंल?"

येसाजीचं बोट फणसावरून निघालं, आंब्यांवरून फिरलं आणि करवंदांवर येऊन थांबलं. "यातल्या एखाद्याने."

"मंग त्यालाच विचारा."

"तसं नसतं गं. मी हवालदाराला सांगायचं, त्याने जमादाराला, जमादाराने साहेबाला. साहेब पलीकडच्या भागातल्या साहेबाला लिहिणार. मग तिथनं पुन्हा खाली, खाली…"

"तवर भात लावून व्हईल. आडवं का नाय जात? जाळीत एका करवंदाला हात घातला तर सगळी जाळी हलती."

येसाजी बटण नसलेल्या जागी चाचपत राहिला. मग आवाज उतरवून म्हणाला, "पलीकडच्या भागात मुरबाडचे दोघं शिपाई हायत. सोमवारी भजनाला भेटतात. खूण काय शुक्राची?"

"डाव्या कानात तांब्याची बाळी. आन् कुनी दम दिला की हसतो."

"पोलिसापुढं हसला? मग नेणारच की!"

जिजाने करवंदांचा द्रोण भरून त्याच्या हाती दिला. "भजनाला न्या."

"आन् कमिशनरला काय?" पारू म्हणाली.

"त्यो आज इकायचा हाय."

शुक्राला सोडून तेव्हा तीन दिवस झाले होते. रुळाच्या कडेने घराकडे चालत तो त्याच सकाळी बदलापूरला पोचला होता.